सांगणाऱ्याचे नाव



एखाद्या मुलीवर घरातच अत्याचार होत आहे, अशी शंका शेजारणीला येते. तरी ती गप्प राहते. तिला त्या पोरीची कणव नसते काय? असते. पण 'हे सांगितले कोणी?' असे उद्या वाडा विचारील, याचे तिला भय असते.

आता कायदा पाहा. लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणारा 'पॉक्सो' कायदा 2012 साली झाला. त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना वर्दी दिलीच पाहिजे. न दिल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्‌बुद्धीने वर्दी देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही. शिक्षा आहे ती द्वेषाने रचलेल्या खोट्या तक्रारीला. शंका सिद्ध झाली नाही, एवढ्याने कोणी खोटा ठरत नाही.

मुलाचे नाव छापण्यास कलम 23 ची बंदी आहे. आणि सांगणाऱ्याचे नाव? त्याची ग्वाही या कायद्यात तितक्या स्पष्ट शब्दांत नाही. गुन्ह्याची बातमी कोठून मिळाली हे उघड करण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, हे तत्त्व 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात होते. 2023 च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. परंतु फिर्यादीच्या कागदावर नाव चढले, की ते आरोपीपर्यंत पोहोचतेच.

गुप्ततेने न्याय अडतो, असे कोणी म्हणेल. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने उलट विचार केला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने वर्दी द्यावी, पण तीत मुलीचे नाव देण्याची गरज नाही, असे न्यायालयाने ठरविले. नावाच्या भयाने मुली अडाण्यांच्या हाती पडू नयेत, हा त्यातला हेतू.

साक्षीची वेळ आली, तर नाव पुढे येईल; आरोपीलाही बचावाचा हक्क आहे. पण ठाण्यापासून न्यायालयापर्यंतच्या वाटेवर ते नाव चावडीवर का यावे? मुख्याध्यापकांनी ते शिक्षकांच्या खोलीत बोलू नये, हवालदाराने चहाच्या टपरीवर बोलू नये, आणि आपण तर विचारूच नये. कायद्याने ठेवलेली फट समाजाने आपल्या मौनाने बुजवावी. मुलाविषयीचे मौन पाप आहे. सांगणाऱ्याविषयीचे मौन हे आपले कर्तव्य आहे.