बिंदूचे तोंड कुठे?

(व्याख्यानमालेतील व्याख्यान)



महाबळेश्वरचे तीन पॉइंट आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. मुंबई पॉइंटवर गर्दी होते ती संध्याकाळी, कारण तिथून पश्चिम दिसते आणि सूर्य कोकणावर मावळतो. केट्स पॉइंटवरून पूर्वेकडे कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. विल्सन पॉइंट 1,439 मीटर उंचीवर, तिथून सूर्योदयही दिसतो आणि सूर्यास्तही. आता हेच तीन पॉइंट फोनवरच्या नकाशात पाहा. तिघांना एकच चिन्ह, एकच रंग. पहाटे उठून कुठे जायचे आणि संध्याकाळी कुठे, हे त्या चिन्हावरून कळत नाही. जी जागा केवळ पाहण्यासाठी आहे, तिथून कोणत्या बाजूला पाहायचे हेच गाळले, तर नकाशाने नेमके काय सांगितले?

ही माहिती साठवायला जागा नाही असे नाही, आणि म्हणूनच आज हा विषय घेतला. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेला खुला नकाशा. त्याची रचना अगदी साधी आहे. बिंदू, बिंदू जोडून झालेल्या रेषा, त्यांचे गट आणि या सगळ्यांवर चिकटवलेले टॅग. बिंदूचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत साठवले जातात, म्हणजे जमिनीवर साधारण एक सेंटीमीटर. बाक कुठे आहे हे सेंटीमीटरने लिहिता येते. पण बिंदूला लांबी-रुंदी नसते, म्हणून त्याला पाठ-पोटही नसते. ते वेगळे सांगावे लागते. त्यासाठी ‘डायरेक्शन’ नावाचा टॅग आहे. त्यात उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेले अंश लिहायचे: पूर्व 90, दक्षिण 180, पश्चिम 270. अंश नको असतील तर दिशेची इंग्रजी आद्याक्षरे चालतात. निसर्गदर्शनाच्या पॉइंटसाठी 90 ते 135 असा पट्टाही देता येतो.

अडचण पुढे येते. भरणाऱ्याने 270 लिहिले आणि तो घरी गेला. मनात पश्चिम असताना कुणी 90 लिहिले, तर तेही तितक्याच शांतपणे साठवले जाते. टॅगच्या रकान्यात दोन्ही आकडे सारखेच निर्दोष दिसतात. नाव चुकले तर वाचणाऱ्याला खटकते, रस्ता चुकला तर उपग्रहचित्रावर ती रेघ शेतातून जाताना दिसते. आकड्यात लपलेली दिशा मात्र कुणालाच खटकत नाही. ती खटकायची असेल तर चितारावी लागते, आणि तीही जिथे माणूस काम करतो आहे त्याच पडद्यावर.

आयडी या ओपनस्ट्रीटमॅपच्या ब्राउझरमधल्या एडिटरने हे केले आहे. बिंदूवर दिशेचा टॅग असेल तर त्याच्या एका बाजूला टॉर्चच्या झोतासारखा छोटा पंखा उमटतो. मॅपिलरीसारख्या सेवांवरचे रस्त्यांचे फोटो नकाशावर टाकले की प्रत्येक फोटोच्या ठिपक्यालाही तसाच पंखा असतो, कॅमेरा कुणीकडे रोखला होता ते सांगणारा. जोसम या जुन्या, जाणकारांच्या एडिटरमध्ये नकाशाची शैली स्वतः लिहिता येते आणि चिन्ह किती अंशांनी फिरवायचे हे टॅगवरून ठरवता येते. तळ्याकाठचा बाक तळ्याकडे पाठ करून बसलेला दिसला की चूक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या तळ्यावर रोज फिरायला जाणारे आजोबाही ती सांगतील. मला या छोट्या पंख्याचे मोल वाटते ते याचसाठी. तपासण्याचे काम तो जाणकारांच्या हातून काढून रहिवाशांच्या हातात देतो.

काही दिशा टॅगमध्ये नसून रेषा कुठून कुठे ओढली यात असतात, आणि त्या तर आणखी लपलेल्या. इथे आपलीच भूमी घेऊ. समुद्रकिनाऱ्याच्या रेषेचा नियम असा: रेषेच्या दिशेने चालत गेलो तर जमीन डाव्या हाताला, पाणी उजव्या हाताला. कोकणात समुद्र पश्चिमेला. पश्चिम उजव्या हाताला यायची तर तोंड दक्षिणेकडे हवे, म्हणून डहाणूपासून गोव्यापर्यंतचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे ओढलेला असावा लागतो. कड्यांचा नियम: खोल बाजू उजवीकडे. सह्याद्रीच्या घाटमाथ्याची कोकणात कोसळणारी बाजूही पश्चिमेचीच, तेव्हा तो कडाही उत्तरेकडून दक्षिणेकडेच ओढायचा. किनारा आणि कडा, दोघांची दिशा एक. दक्षिणेकडून ओढायला सुरुवात केली तर रेघ जागेवरच राहते, वळणन्वळण बरोबर असते, आणि तरीही किनाऱ्याची रेघ जमिनीला पाणी ठरवते, कड्याची रेघ देशावर दरी दाखवते. एडिटरने या रेषांच्या एका बाजूला बारीक त्रिकोण काढले की ही चूक लगेच नजरेत येते. आयडी तसे काढतो. ज्यांनी भरलेल्या नकाशावर उद्या एखादा ट्रेकर धुक्यात विसंबणार आहे, त्यांच्यासाठी ते त्रिकोण शोभेचे नाहीत.

दिशा चितारायची म्हणजे चिन्ह फिरवायचे, इतकेच काम आहे असे वाटेल. काही अंशी ते खरे आहे. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या 1569 सालच्या प्रक्षेपावर बेतलेले आहेत. त्यात क्षेत्रफळे बिघडतात, पण कोन जवळजवळ जसेच्या तसे राहतात. त्यामुळे जमिनीवरचे 45 अंश पडद्यावरही 45 अंशच. खरी मेख अंश कुणाच्या नजरेतून मोजले यात असते. काही दीपगृहांचा प्रकाश काही कोनांत लाल, काहींत पांढरा असा विभागलेला असतो. सागरी नकाशांत या विभागांचे अंश जहाजावरून दिव्याकडे पाहून दिलेले असतात, कारण ते वापरणारा माणूस जहाजावर आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते दिव्यापासून मोजले आहेत असे समजून चितारले, तर सगळे विभाग 180 अंशांनी उलटे पडतील आणि सुरक्षित वाटेचा रंग खडकांवर जाईल.

वाहतुकीच्या फलकांचेही तसेच. ‘थांबा’ या फलकावर ‘फॉरवर्ड’ लिहिले तर अर्थ होतो, रस्त्याची रेषा ज्या दिशेने ओढली आहे त्या दिशेने जाणाऱ्यांना तो लागू. फलकाचा चेहरा मात्र समोरून येणाऱ्या त्या गाड्यांकडे, म्हणजे बरोबर उलट. झोत चेहऱ्याचा काढला आहे की हुकमाचा, हे एडिटरने सांगितलेच पाहिजे. शिवाय उद्या कुणी ती रेषा उलटी केली, तर ‘फॉरवर्ड’चे ‘बॅकवर्ड’ कुणी करायचे? आयडी आणि जोसम ही अदलाबदल सांभाळतात. जो एडिटर सांभाळत नाही, तो वापरणाऱ्याच्या नकळत खोटे लिहून ठेवतो.

आता थोडे कॅमेऱ्यांविषयी. सार्वजनिक जागेतले टेहळणीचे कॅमेरे लोक या नकाशावर नोंदवतात. त्यांच्या दिशेसाठी वेगळा टॅग आहे आणि ते झोतासह दाखवणारी संकेतस्थळेही आहेत. अमेरिकेत डीफ्लॉक नावाच्या उपक्रमात गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे असेच नोंदवले जातात. चौकात कॅमेरा आहे एवढे कळणे वेगळे आणि तो दवाखान्याच्या दारावर रोखलेला आहे हे कळणे वेगळे. नागरिकाला प्रश्न विचारता येतो तो दुसऱ्या माहितीवरून. पण इथेच मला सावधही राहावेसे वाटते. पंख्याचा आकार पडद्यावर ठरावीक असतो. त्याची लांबी म्हणजे कॅमेऱ्याची पोच नव्हे. पंख्याबाहेर उभे राहिलो म्हणजे दिसत नाही, असे कुणी समजू नये.

दिशा मोजायची कशी? बहुतेकांच्या हातात फोनचे होकायंत्र असते. त्याची सुई बहुधा चुंबकीय उत्तर दाखवते, आणि नकाशाला हवी खरी उत्तर. महाराष्ट्रात हा फरक एक अंशाहूनही कमी, म्हणून इथे तो विसरला तरी चालते. कॅनडातल्या व्हँकुव्हरला तो 15 अंशांच्या आसपास आहे. तिथल्या मराठी मित्रांनी विसरू नये. आपल्याकडे खरा शत्रू जवळचे लोखंड आणि वीज. हे मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. विजेच्या ट्रॅम येणार म्हणताच कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे संचालक नानाभॉय मूस यांनी 1904 साली अलिबागला हलवली आणि तिथली इमारत लोखंड टाळून बांधून घेतली. तेव्हा खांबाला टेकून किंवा गाडीच्या बॉनेटवर फोन ठेवून दिशा मोजू नका. चार पावले दूर जा. त्याहून उत्तम म्हणजे उपग्रहचित्रावर ओळखीची दुसरी खूण शोधा आणि तिच्याशी ताडून पाहा.

दोघांनी मोजले आणि एकाला 350 आले, दुसऱ्याला 10, तर सरासरी 180 काढू नका. दोघेही उत्तरच सांगत आहेत.

आणि शेवटी एक मागणी, जी अशी प्रणाली लिहिणाऱ्या तरुणांनी मनावर घ्यावी. मला बाकाचे तोंड नैर्ऋत्येला आहे एवढेच ठाऊक असेल, तर मी नैर्ऋत्य लिहावे, 225 लिहू नये. आठ दिशांत बोलणाऱ्याचा प्रत्येक शब्द 45 अंशांचा पट्टा व्यापतो, सोळांत बोलणाऱ्याचा साडेबावीस. 225 लिहिणारा एका अंशापर्यंत मोजल्याचा दावा करतो. तरी पडद्यावर दोघांनाही एकाच रुंदीचा पंखा मिळाला, तर अंदाज कुठला आणि मोजमाप कुठले हे पुढच्या माणसाला कळणार नाही. अक्षरांनी दिलेल्या दिशेला रुंद आणि फिका पंखा द्या, अंशांनी दिलेल्या दिशेला अरुंद आणि ठळक द्या, आणि पट्टा दिला असेल तर तेवढाच कोन भरा. 270 ते 45 असा पट्टा असेल तर तो उत्तरेवरून फिरतो, दक्षिणेवरून नाही, हेही कोडमध्ये आधीच तपासून घ्या. मग मुंबई पॉइंट, केट्स पॉइंट आणि विल्सन पॉइंट नकाशावर एकसारखे दिसणार नाहीत.