‘दादा, जरा बघतोस का?’

लोकलमध्ये ऐकत असाल तर आधी नीट धरून उभे राहा.

गेल्या वर्षी बहिणीच्या हळदीला मी साताऱ्यात मांडवामागे लॅपटॉप उघडून बसलो होतो. हाताला हळद, आणि तिकडे पुण्यात पेमेंट सर्व्हिस बंद. झालं काय होतं? एक सर्टिफिकेट एक्स्पायर. पाच मिनिटांचं काम, पण ते कसं बदलायचं हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, “तुझ्यावाचून ऑफिसचं पान हलत नाही वाटतं.” खरं सांगतो, आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं, ही सवय मीच लावली होती. कुणी “दादा, जरा बघतोस का?” म्हटलं की मी कीबोर्डच ओढून घ्यायचो.

डेव्हिड मार्के नावाचा अमेरिकन नौदलातला कॅप्टन. 1999 मध्ये त्याला ‘सांता फे’ ही अणुपाणबुडी मिळाली, आणि त्याने तयारी केली होती दुसऱ्याच पाणबुडीची! एका सरावात त्याने असा वेग सांगितला, जो सांता फेच्या मोटरला नव्हताच. अधिकाऱ्याला हे माहीत होतं, तरी त्याने हुकूम पुढे दिला. का? तर कॅप्टननं सांगितलं म्हणून. मग मार्केनं हुकूम देणंच कमी केलं. अधिकाऱ्यांनी येऊन सांगायचं, “मी अमुक करणार आहे, कारण तमुक.”

मी हे आमच्या टीममध्ये आणलं. मला मेसेज करण्याआधी लिहायचं: लॉगमध्ये काय दिसतंय आणि तू काय करणार आहेस. रनबुकसुद्धा ज्युनिअर्सनीच लिहायचं. मी लिहिलं की त्यातल्या निम्म्या पायऱ्या माझ्या डोक्यातच राहतात ना!

पण इथं माझी एक घोडचूक झाली. रात्री दोनला नवीन मुलीचा मेसेज आला. मी ऐटीत विचारलं, “तुला काय वाटतं?” आणि झोपलो. डिस्क भरली होती, तिनं असं कधी पाहिलंच नव्हतं. दीड तास ती एकटी झगडत होती. सकाळी म्हणाली, “तुला माहीत होतं, तरी सांगितलं नाहीस.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉरी म्हणालो, आणि पुढचे दोन आठवडे तिच्यासोबत ऑन-कॉल बसलो. आता वीस मिनिटं स्वतः बघायचं, मग बिनधास्त फोन करायचा. आणि ग्राहकाचे पैसे अडकले असतील तर शिकवणी बंद, सरळ उत्तर द्यायचं.

दिवाळीत मी गावी होतो. त्याच मुलीचा मेसेज: “रिलीजनंतर एरर वाढलेत, मी रोलबॅक करतेय.” मला याहून सोपा उपाय दिसत होता. ‘थांब’ टाईप केलं, खोडलं, आणि ‘ओके’ पाठवलं. तिला चाळीस मिनिटं लागली. मला दहा लागली असती... हे अजून थोडं टोचतं, काय करणार!

चला, पुढच्या भागात भेटू.