पहिला पेला

(पुणे शहरातील एका विहारात, महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आज येथे बसलेल्या कित्येक मुलामुलींनी नुकतेच पुण्याच्या महाविद्यालयांत पाऊल टाकले आहे. अनेकांच्या घराण्यातील हे पहिलेच पाऊल आहे. त्यांचे अभिनंदन करावयास मी उभा आहे. परंतु तेवढेच करून खाली बसलो तर माझे कर्तव्य अपुरे राहील.

नवागतांच्या स्वागतासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ हा कार्यक्रम आखून दिला. पण दिवस मावळला की काही ठिकाणी दुसरेच स्वागत सुरू होते. वसतिगृहाच्या खोलीत किंवा एखाद्या मद्यगृहात वरच्या वर्गातील विद्यार्थी नवख्याच्या हाती पेला देतो आणि म्हणतो, “घे, म्हणजे तू आमच्यातला झालास.”

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी आपल्यातले म्हटले नाही, त्यांच्या मुलाला या शब्दांची भूक असते. म्हणूनच हा पेला त्याला अधिक जड जातो. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणुसकीचा हक्क बजावण्यासाठी. हक्क हा कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसतो. पेल्यातून मिळणारी बरोबरी मात्र पेला नाकारताच परत घेतली जाते. जी बरोबरी एका नकाराने नाहीशी होते, तिला समता कसे म्हणावे?

पाचवे शील आपण सर्व जण म्हणतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु शील केवळ म्हणावयाचे नसते, समजून घ्यावयाचे असते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी एका गृहपतिपुत्राला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचा ऱ्हास. आपल्या विद्यार्थ्यापाशी वाडवडिलांची जमीन नाही, ओळखीपाळखी नाहीत. बुद्धी हेच त्याचे भांडवल. तेच कोणाच्या आग्रहाखातर गहाण टाकावयाचे काय?

हा विचार पुण्याला नवा नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी 1880 मध्ये शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध आवाज उठविला होता. आणि याच शहरात 19 मे 2024 रोजी कल्याणीनगरात एका मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. बारावीचा निकाल साजरा करून, मद्य पिऊन एक अल्पवयीन मुलगा ती चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे.

कायदाही तुमच्या बाजूस आहे. महाराष्ट्रात बिअर व वाइन यांसाठी 21 वर्षे आणि इतर मद्यासाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा आहे. विद्यार्थ्यास त्याच्या मनाविरुद्ध काही करावयास लावणे हे 1999 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे रॅगिंग ठरते. त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. तक्रारीसाठी 1800-180-5522 हा विनाशुल्क क्रमांक आहे.

मातापित्यांनाही दोन शब्द. मुलाचे पाऊल घसरले तर प्रथम त्याला जवळ घ्या. घराचे दार बंद आहे असे ज्याला वाटते, तो संकटातही फोन करीत नाही. आणि मुलांनो, एखादा सोबती पिऊन बेशुद्ध पडला तर ‘झोपेल, उतरेल’ म्हणून त्याला एकटे सोडू नका. त्यास कुशीवर वळवा, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रागे भरण्याची वेळ नंतर येईल; प्राण गेला तर परत येणार नाही.

शेवटी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. नुसता निषेध करून भागणार नाही. गावाकडून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोणी तरी जेवावयास बोलवावे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यावा, ग्रंथालयाची वाट दाखवावी. ज्याला असे सोबती लाभतील, त्याला पेल्याच्या मोबदल्यात मैत्री विकत घ्यावी लागणार नाही. हे काम उद्यापासून सुरू करा.

जयभीम.