नाव मिळणे आणि नाव राखणे
(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



कोलकात्याच्या फोर्ट विल्यम या किल्ल्याला आता आपल्या विजयदुर्गाचे नाव मिळाले आहे. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी उभारलेला हा किल्ला आज लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचे नाव हुगळीकाठी गेले, याचा आपल्याला अभिमान आहेच. परंतु नाव मिळणे वेगळे आणि नाव राखणे वेगळे. ते कसे राखावे, याचे एक उदाहरण त्याच किल्ल्याच्या मैदानापलीकडे, धर्मतळ्याला आहे. ते म्हणजे के. सी. दास यांचे मिठाईचे दुकान.

या घराण्याचे मूळ पुरुष नवीनचंद्र दास. त्यांनी १८६८ साली बागबाजारात रसगुल्ला सिद्ध केला, असे बंगाल मानतो. छेन्याचा गोळा पाकात न फुटता आतपर्यंत मुरला पाहिजे, ही त्यातली खरी कसोटी. पुत्र कृष्णचंद्र यांच्या काळात रसगुल्ला हवाबंद डब्यात भरला जाऊ लागला आणि दूरदेशी पोहोचला. १९६५ साली दूधटंचाईमुळे राज्य सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. व्यवसायाच्या मुळावरच घाव पडला. तरीही घराण्याने व्यवसाय सोडला नाही. पुढे बंगळुरातही दुकान उघडले. वडिलांची कृती तीच, मात्र प्रत्येक पिढीने तिच्यात आपल्या बुद्धीची भर घातली.

आपल्याकडे काय कमी आहे? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या कोकमालाही ते लाभले आहे. कोकमाची साल रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे आमसूल होते. हे कष्ट येथील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. तरीही प्रवेश अर्जावर ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी आपली मुले अडखळतात. बाग, दुकान, आंबापोळी, कोकम-आगळ लिहिताना त्यांना कमीपणा वाटतो. हा कमीपणा त्यांना कोणी शिकवला? आपणच, घरात आणि शाळेतही.

मानांकनाचा कागद पेटीवर चिकटवता येतो. पेटीतला आंबा मात्र बागायतदाराच्या सचोटीवरच टिकतो. दुसरीकडचा आंबा आपल्या नावाने विकला गेला, तर तोटा एका व्यापाऱ्याचा नसतो, साऱ्या तालुक्याचा असतो.

म्हणून पालकहो, मुलाला नोकरीसाठी अवश्य शिकवा. पण सुटीत त्याला दुकानाच्या वहीपाशीही बसवा. त्याचे गणित तेथे हिशेबाला येईल, रसायनशास्त्र आगळ टिकवायला, भाषा गिऱ्हाइकाशी खरे बोलायला. माजी विद्यार्थ्यांनो, मुंबई-पुण्याहून येताना एकदा वर्गात या आणि बाजार कसा चालतो ते या मुलांना सांगा. किल्ल्याचे नाव सरकार देऊ शकते. मालाचे नाव मात्र आपल्यालाच राखावे लागते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.