नोकरी शोधणाऱ्याला घरच्यांची खरी मदत
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



बी.एड. झाल्यावर दीड वर्ष मी घरी बसून होतो. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "काही जमलं का?" प्रश्न मायेचा होता, पण त्याच्या धास्तीने मी उशिरा घरी येऊ लागलो. मामू म्हणत, "बघतो, सांगतो कुणाला तरी." त्या भरवशावर चार महिने मी दुसरीकडे अर्जच केला नाही. अम्मीने मात्र कधी विचारले नाही. अर्जाच्या टपालाचे पैसे ती मुकाट्याने माझ्या पुस्तकात ठेवी. शेवटी नोकरीची खबर दिली, ती एस.टी.त क्वचित भेटणाऱ्या एका वर्गमित्राने. तालुक्याच्या एका शाळेत इतिहासाची जागा रिकामी आहे आणि मुलाखत सोमवारी आहे, एवढेच त्याने सांगितले.

हा निव्वळ योगायोग नव्हे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन येथील नोकरदारांकडे चौकशी करून १९७३ साली लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सुमारे १७ टक्के लोकांना नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळाली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी दिली होती. कारण उघड आहे. घरच्यांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते.

म्हणून पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी काय शिकली आहे, कोणते काम करू शकते, हे आधी नीट समजून घ्या आणि दूरच्या ओळखीच्या माणसांना तेवढे स्पष्ट सांगा. "कुठंही चिकटवा" म्हटल्याने कुणाच्या लक्षात काही राहत नाही. जमणार नसेल तर तोंडावर "नाही" म्हणा. खोट्या आशेत उमेदवाराचे महिने जातात. आय.टी.आय. झालेल्याला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन मिळते. ते थोडे असले तरी त्याला हिणवू नका. आखातातील नोकरीसाठी दागिने मोडण्यापूर्वी, एजंटाकडे सरकारी परवाना आहे का, हे घरातल्या शिकलेल्या माणसाने परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

आपल्यापैकी अनेकजण कारखान्यात, बंदरावर, दवाखान्यात, दुकानात कामाला आहात. तिथे जागा निघाली की मोहल्ल्यातल्या त्या घरी बसलेल्या मुलाला त्याच दिवशी कळवा. शिफारस जमली नाही तरी चालेल. पत्ता, तारीख आणि लागणारी कागदपत्रे एवढे सांगितले, तरी त्याची वाट मोकळी होईल.