पेटीतले दान आणि पगारातला कर

(भेस्तान येथे मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत विषय निघाला तो लाडक्या बहिणीचा. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बायकांच्या खात्यात महिना दीड हजार रुपये टाकायला सुरुवात केली आणि आपल्यापैकी बऱ्याच घरांत धुळे-नंदुरबारकडच्या वहिनी-आत्यांचे फोन आले. इथे बसून कुणाला ते आवडले, कुणाला ती रेवडी वाटली. वाद वाढला तेव्हा आपल्यातलेच एक ख्रिस्ती सभासद उठले आणि म्हणाले, की आमच्या धर्मात दान मनापासून द्यायचे असते, सरकारने एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला दिले तर त्याला दान म्हणत नाहीत. मागच्या रांगेतले दुसरे ख्रिस्ती गृहस्थ लगेच म्हणाले, आमच्या धर्मात एवढेच लिहिलेले नाही. तेवढ्यात चहा आला. कार्यकारिणीने आम्हांवर काम सोपवले, की जरा वाचून पुढच्या वेळी यावर बोला. आम्ही ख्रिस्ती नाही. दोघांचे ऐकून घेतले, त्यांच्याकडून आणलेले मराठी पवित्र शास्त्र चाळले आणि जे उमगले ते सांगतो. चुकले तर दोघेही समोरच बसले आहेत.

पहिल्या गृहस्थांची बाजू आधी. नव्या करारात पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो आहे. करिंथच्या मंडळीला तो लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवले तेवढे द्यावे, कुरकुरत किंवा कुणाच्या धाकाने देऊ नये. दुसरी गोष्ट हनन्याची. हा गृहस्थ जमीन विकतो, थोडे पैसे मागे ठेवतो आणि सगळे दिल्याचा आव आणतो. पेत्र त्याला विचारतो, की जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हाती होता, मग खोटे कशाला? म्हणजे पैसे मागे ठेवले हा त्याचा दोष धरलेला नाही. जे लोक सरकारी वाटपाला नाके मुरडतात ते या दोन जागांवर उभे राहतात, आणि त्या जागा भक्कम आहेत. काठीच्या धाकाने दिलेल्यात देणाऱ्याचे पुण्य नाही, आणि तिजोरीतून वाटणाऱ्या मंत्र्याचे तर मुळीच नाही. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. वाटपाच्या पिशवीवर फोटो छापून घेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

आता मागच्या रांगेची बाजू. जुन्या करारात मोशेचे नियमशास्त्र आहे. त्यात शेतकऱ्याला सांगितले आहे की कापणी करताना शेताच्या कडा कापू नकोस, गळून पडलेली कणसे वेचू नकोस, ती गरिबाची आणि परक्याची. आपल्या खानदेशात जाणत्या बायका ज्याला सरवा म्हणतात तोच हा. रूथ नावाची मवाबातून आलेली विधवा, परक्या जातीची, परक्या देवाची, बवाजाच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवते. दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दहावा भाग गावच्या विधवा, पोरक्या आणि परक्यांसाठी काढून ठेवायचा. पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. हे सगळे मालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते, तो नियम होता. आणि ज्याचा कर त्याला द्या, असे रोमकरांना बजावणारा पौल तोच.

पुढे दोन हजार वर्षे हा वाद त्यांच्यातही मिटलेला नाही. चौथ्या शतकात बासिल नावाचे बिशप श्रीमंतांना सांगत की तुमच्या घरात जादा पडलेली भाकरी मुळात भुकेल्याची आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे पत्रक काढले. गरजेपेक्षा जास्त असेल ते गरिबाला देणे हे कर्तव्य आहे, पण कमालीची निकड सोडली तर ते कायद्याने वसूल करण्यासारखे नव्हे, असे त्यात आहे. आणि त्याच पत्रकात कामगाराचे रक्षण करणे हे सरकारचे काम आहे असेही आहे. २००५ च्या आपल्या पत्रकात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी म्हटले की न्याय्य व्यवस्था लावणे हे राज्याचे काम, पण राज्य कितीही न्यायी झाले तरी माणसाने माणसाला हात देण्याची गरज संपत नाही. असो. पोथ्यांत दोन्ही बाजूंना आधार आहे. म्हणून आम्ही म्हटले, एखादे मराठी उदाहरण पाहू, आणि ते पाहायचे तर पंडिता रमाबाईंना टाळून पुढे जाता येत नाही.

रमाबाई डोंगरे, जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री विद्वान, कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे. हाती होते ते पुण्याच्या आशेने दानधर्मात गेले, आणि १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. त्यांनी आयुष्यभर दिले होते, त्यांच्या वेळेला देणारा कुणी उभा राहिला नाही. हे ज्या मुलीने डोळ्यांनी पाहिले ती पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढून बसली. पैसा अमेरिकेतून आला. बोस्टनला १८८७ साली त्यासाठी संस्थाच निघाली होती. शाळेत धर्मप्रचार होणार नाही, ही अट. सदन पुण्याला गेले आणि १८९३ साली गहजब झाला, की मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सरकारी छावण्या आणि गरीबखाने त्यांनी पाहिले, तिथे एकट्यादुकट्या मुलींचे काय हाल होतात ते लिहून जगापुढे मांडले, आणि शेकडो मुली पुण्याजवळ केडगावला आपल्या जमिनीवर घेऊन आल्या. तीच मुक्ती. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत आजही छप्पनियो म्हणतात. रमाबाईंची माणसे गुजरातेतही आली आणि इथल्या मुली घेऊन गेली. १९०० च्या सुमारास केडगावला जवळपास दोन हजार जीव होते. एका बाईच्या शब्दावर दोन हजार ताटे! स्वखुषीच्या दानाचा यापेक्षा मोठा मराठी दाखला आम्हांला ठाऊक नाही.

पण याच बाईंचे दुसरे वागणे पाहा. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या गैरव्यवस्थेबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात जाहीर तक्रार केली. प्रश्न थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेला. सरकारने कानांवर हात ठेवले, ते वेगळे. सांगायचा मुद्दा असा, की जिने स्वतःच्या पंखाखाली एवढ्या मुली सुखरूप ठेवल्या तिनेही सरकारला तुम्ही बाजूला व्हा, आम्ही पाहून घेतो असे म्हटले नाही. तिने सरकारला जाब विचारला. जाब हक्काचा असेल तिथेच विचारता येतो. देणगीदाराला कोण विचारणार?

आणि आणखी एक, जे बोलायला अवघड आहे. केडगावच्या पंगतीबरोबर केडगावची प्रार्थनाही होती. बाईंनी लपवले नाही, आम्हीही दोष देत नाही. आपल्याकडच्या अन्नछत्रातही जयजयकार केल्याशिवाय वाढत नाहीत. पण देणाऱ्याच्या हाताला देणाऱ्याचा रंग असतो. बोस्टनच्या पैशाला बोस्टनची अट होती, केडगावच्या भाकरीला केडगावची. गुजरातेत २००३ साली धर्मांतराबाबत कायदा झाला, त्यात लालूच या शब्दावरून जे रणकंदन होते तेही याच्याच पोटातले आहे. भुकेल्यापुढे ताट ठेवल्यावर त्यातले प्रेम किती आणि आमिष किती हे ठरवायला कोणता मामलतदार बसवणार?

कराचा इतिहासही काही फार उजळ नाही, आणि तो आपल्या सुरतेतच घडलेला आहे. १८७६-७८ च्या महादुष्काळानंतर इंग्रजांनी पुढच्या दुष्काळाची तजवीज म्हणून १८७८ साली व्यापाऱ्यांवर लायसन्स टॅक्स बसवला. त्यात छोटा दुकानदार सापडला, पगारदार अधिकारी आणि वकील-डॉक्टर मात्र सुटले. सुरतेने त्या एप्रिलात दुकाने बंद केली, दंगल झाली, गोळीबार झाला. थोड्याच दिवसांत दुष्काळासाठीचा पैसा अफगाण लढाईकडे वळल्याची ओरडही झाली. याच शहरातली महाजने पिढ्यान्‌पिढ्या पांजरापोळ आणि धर्मशाळा चालवत आली होती. देणे त्यांना जड नव्हते. आपला पैसा कुठे जातो हे विचारायची सोय नव्हती आणि बड्यांना सूट होती, दुखणे ते होते.

आता १९७२. इथे बसलेल्या आजी-आजोबांना पुस्तक उघडायला नको. सुकडी, मिलो, खडीचे ढीग. त्या दुष्काळात महाराष्ट्रात ऐन १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे सरकारी कामांवर होती. त्याआधी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आणि पैसा? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला, मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून तो कापला जाऊ लागला, तेवढीच भर सरकारने घातली. दादरच्या कारकुनाला माहीत नव्हते की आपले पैसे साक्रीच्या कोणत्या बाईच्या पदरात पडले, आणि त्या बाईने दादरकडे तोंड करून कधी हात जोडले नाहीत. आमच्या घरातही १९७२ ची गोष्ट निघते. खडी फोडून घेतलेल्या त्या मजुरीला आमच्या आजीने मरेपर्यंत एकदाही भीक म्हटले नाही. पण मंदिराबाहेर दोन दिवस घेतलेल्या पिठल्या-भाकरीची आठवण निघाली की ती विषय बदलायची.

खोटे हजेरीपट झाले, मुकादमांनी खाल्ले, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी भांडावे लागले आणि भांडता आले.

हे सगळे वाचताना आम्हांला वारंवार आठवत होते ते २०२० चे आपले स्वयंपाकघर. लॉकडाऊनमध्ये पांडेसरा, सचिन, इकडे भेस्तान, सगळीकडची खाती आणि मिला बंद. एप्रिलात कारागीर पगारासाठी आणि गावी जाण्यासाठी रस्त्यावर उतरले. आपण खिचडी सुरू केली. पहिल्या आठवड्यात तांदळाची पोती ठेवायला जागा नव्हती, तिसऱ्या आठवड्यात देणाऱ्यांचे फोन लागेनात. त्यात एका दुपारी पातेल्यात थोडेच उरले होते. रांगेत उभ्या असलेल्यांना गाव विचारले गेले. मराठी माणसांना आधी वाढले. दोन पोरांना घेऊन आलेली एक ओडिया बाई रिकामा डबा घेऊन परत गेली. गाव विचारणारे आम्हीच होतो. तेव्हा कुणी बोलले नाही, आम्हीही नाही. पौल म्हणतो तसे ते दान अगदी मनापासूनचे होते, आणि तरी रूथ परत गेली.

आणखी लाज वाटावी अशी गोष्ट ही, की ९ ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकमेकांचे रेशनकार्ड चालवण्याची सोय सुरू झाली होती. देशात ज्या राज्यांत ती सर्वांत आधी झाली त्यांत आपली ही जोडी होती. नंदुरबारच्या कार्डावर इथे धान्य मागता आले असते. आपल्या मंडळात कुणालाच पत्ता नव्हता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी पाच किलो धान्य लिहिलेले आहे, जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. तिथे गाव विचारून कुणाला परत पाठवता येत नाही. अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवतात, हे मात्र आम्ही पाहिले आहे, आणि त्या वेळी बरोबर चार शब्द बोलणारा माणूस असला तर धान्य मिळते हेही पाहिले आहे.

तेव्हा पहिल्या गृहस्थांचे आम्ही मान्य करतो. सरकारी वाटपाला दान म्हणू नये. तो सरवा आहे, शेताची ती कड पहिल्यापासूनच आपली नव्हती. सरवा सोडून झाल्यावर जे आपल्या पदरचे देऊ ते दान, आणि त्यात कुणाची जबरदस्ती नको. दुसऱ्या गृहस्थांनी यावर मान हलवली, पहिल्यांनी अजून हलवलेली नाही.

कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी ठेवतो. आपल्या शिक्षण निधीच्या नियमात जुन्या वस्तीच्या मराठी कुटुंबांपुरतीच मदत, अशी ओळ आहे. ती काढावी, आमचे आजोबाही तापी व्हॅलीच्या गाडीने बिऱ्हाड घेऊन उतरले तेव्हा कुणाच्या जुन्या यादीत नव्हते. दुसरे, रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या खोलीत रेशनकार्डाच्या कामाला दोन माणसे बसावीत, भाषा कोणतीही असो. एक नाव आमचे लिहून घ्या. दुसरे नाव हवे आहे. येणाऱ्याने कार्ड आणि आधार बरोबर आणावे, कार्ड गावी राहिले असेल तर त्याचा नंबर तरी.