दुसरी सही गाडीची
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



25 वर्षांपूर्वी इथे राहायला आलेले आपण आता सत्तरीत आहोत. "बाबा, आता गाडी नका चालवू," हे घरोघरी ऐकू येतं. माझ्याकडेही येतं.

पंचावन्नीनंतर लायसन्सचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी, डॉक्टरी दाखल्यासह होतं. पण लायसन्स मिळालं म्हणून मान पूर्वीसारखी वळत नाही. इथे नवं तंत्रज्ञान कामी येतं. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. काही गाड्यांत बाजूने येणारं वाहन आरशातला दिवा दाखवतो, समोर अडथळा आला तर ब्रेक आपोआप लागतो. जपानमध्ये मे 2022 पासून फक्त अशा ब्रेकच्या गाड्या चालवण्याचं ऐच्छिक लायसन्स मिळतं. ना बंदी, ना पूर्ण मोकळीक. हा मधला मार्ग मला पटतो.

मात्र बँकेत ऑफिसरची दुसरी सही असते म्हणून क्लार्कने डोळे मिटून व्हाउचर करायचं नसतं. मुसळधार पावसात कॅमेरा चुकू शकतो, पुसट पट्टे त्याला दिसत नाहीत. बुटकी वस्तू सेन्सरला कळेलच असं नाही, आणि आपल्या आवारात नातवंडं खेळतात!

तेव्हा ज्येष्ठांनो, डोळे दरवर्षी तपासा; रात्री, पावसात किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि मुलांनो, किल्ली काढून घेण्याआधी एकदा आमच्या शेजारी बसून बघा. मग दोघं मिळून ठरवू.